फळीवरचा मालधक्का

जलंब जंक्शनपासून खामगावपर्यंतची रेल्वेची शाखा जेमतेम १३ किलोमीटर लांबीची आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला तो नांदुरा, जलंब, शेगाव असा. खामगाव त्याच्या दक्षिणेला राहून गेले. वऱ्हाडच्या कापसाची एवढी मोठी पेठ रुळांपासून दूर ठेवणे मात्र कोणालाच परवडणारे नव्हते. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते ही शाखा खुली झाली आणि बैलगाड्यांतून येणाऱ्या कापसाला मुंबई बंदराची थेट वाट मिळाली. त्या घाईमागे सातासमुद्रापलीकडची गरज होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. युद्ध संपले, तरी इंग्रजांची हिंदुस्थानी कापसावरची नजर हटली नाही. खामगावच्या पेठेतून निघालेली गाठ मुंबईत जहाजावर चढे, लिव्हरपूलला उतरे आणि तेथून पुन्हा रेल्वेनेच एखाद्या गिरणीच्या दाराशी जाई.

या प्रवासाचे अलीकडचे टोक खामगावच्या मालधक्क्यावर होते. ते तीन-चार पिढ्यांनी पाहिले, त्यावर संसार केले. पलीकडचे टोक कोणी पाहिले नाही. ते फक्त भावांच्या तारांतून आणि दलालांच्या बोलण्यातून कळे. गावातील एका जुन्या अडत पेढीच्या थोरल्या मालकांनी ते पलीकडचे टोक वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी आपल्या घरात उभे केले. त्यासाठी जागा मिळाली ती चार फूट दोन इंच लांब आणि चौदा इंच रुंद.

जागा एवढीच का, याचे उत्तर घराच्या इतिहासात आहे. कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना १९७२ साली आली आणि खाजगी व्यापाऱ्यांचा कापूस सुटला. दोघा भावांनी पेढी सरकी आणि ढेपेवर वळवली. पुढे १९८० च्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणी घेणे कमी करत नेले. पूर्ण गाडीभर माल असेल तरच रेल्वे, नाहीतर ट्रक, असा व्यवहार झाला. एक-दोन वाघिणी भरणाऱ्या पेढ्यांना मालधक्क्यावर काम उरले नाही. धंदा आटला की घरातील बोलणी वाढतात. सुमारे तीस वर्षांपूर्वी वाटणी झाली. दुकान, गोदाम, शेत यांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि वाड्याच्या समोरच्या लांबलचक बैठकीत मधोमध साडेचार इंची विटांची भिंत उभी राहिली. तेव्हापासून दोन्ही घरे लग्नकार्यात एका पंगतीला बसत, क्षमावाणीला एकमेकांच्या दारात जाऊन हात जोडत. परंतु त्या हात जोडण्याला उंबरा ओलांडण्याची सवय राहिली नव्हती. थोरल्यांच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या बैठकीत जुनी तिजोरी, गादी आणि मुलाचे संगणकाचे टेबल होते. तिजोरी आणि वाटणीची भिंत यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, तिची लांबी चार फूट दोन इंच भरली.

इंजिन आले ते इंग्लंडहून. लेस्टरला स्थायिक झालेल्या भाच्याने तिकडच्या जुन्या बाजारातून ते घेतले होते. ‘जिंटी’ या लाडक्या नावाने ओळखले जाणारे सहा चाकांचे हे टँक इंजिन लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने १९२४ पासून मालधक्क्यांवर डबे हलवण्यासाठी वापरले. हातात घेतले तर ते वीतभरही भरत नाही. सोबत आठ उघड्या वाघिणी, थोडे रूळ, दोन सांधे आणि विजेचा दाब २३० व्होल्टवरून १२ वर आणून इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी एक डबी होती. मामांच्या वाढदिवसाला पाठवलेली ही भेट नातवंडांसाठी आहे असेच घरातील सर्वांना वाटले. थोरल्यांनी ती खोक्यातून काढली, चाके बोटाने फिरवून पाहिली आणि खोके कोणालाही न देता तिजोरीवर ठेवून दिले.

त्या इंजिनावर हॉर्नबी हे नाव होते आणि त्या नावाची हकीगत कळल्यावर थोरल्यांच्या मनाने ठाव घेतला. फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलचा. धातूच्या छिद्रे असलेल्या पट्ट्या जोडून यंत्रे बनवण्याच्या ‘मेकॅनो’ या खेळण्याचे पेटंट त्याने १९०१ साली घेतले आणि १९२० पासून त्याच्या कारखान्यातून खेळण्यातील रेल्वेगाड्या निघू लागल्या. टेबलावर मावतील अशा छोट्या मापाच्या गाड्या १९३८ साली आल्या. लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. नाव त्याआधीच दुसऱ्यांकडे गेले होते आणि आज या गाड्या चीनमध्ये बनतात. व्यापारी माणसाला यात नवल वाटत नाही. पेढी विकली जाते, पाटी टिकते. परंतु ज्या बंदरात खामगावच्या गाठी उतरत, त्याच गावात ही खेळणी जन्मली, ही गोष्ट थोरल्यांनी घरात आलेल्या प्रत्येकाला सांगितली. त्यांच्या लेखी तो जुन्या खात्यातील राहिलेला परतीचा माल होता.

खेळण्यातील रेल्वे म्हटली की डोळ्यांपुढे गोल येतो. पण गोल जागा खातो. या मापातील सर्वांत आवळ वळणाची त्रिज्याही ३७१ मिलिमीटर असते. म्हणजे पूर्ण गोलाला पावणेतीन फूट रुंदीची फळी लागते. थोरल्यांजवळ सव्वा फूटही नव्हता. पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. पूल, रस्ते, सिग्नल यांसह एक गावच तेथे नांदते. ते संग्रहालय थोरल्यांनी नातीबरोबर पाहिले होते आणि परतताना त्यांचा विचार पक्का झाला, की आपल्याला यातील काहीही करता येणार नाही. गाव नाही, गोल नाही, धावती प्रवासी गाडी नाही. मग उरते काय?

इंग्रज हौशी लोकांना हा प्रश्न फार पूर्वी पडला होता. त्यांची घरे लहान, माळे बुटके. ‘रेल्वे मॉडेलर’ हे त्यांचे मासिक १९४९ पासून निघते आणि त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले सिरिल फ्रीझर यांनी तर लहान जागेत रेल्वे कशी मांडावी याचे नकाशे काढण्यातच आयुष्य घालवले. त्या परंपरेचे सार एवढेच आहे, की सगळी रेल्वे लहान करू नये. रेल्वेचे एक काम निवडावे आणि तेवढेच पूर्ण मापात करावे. जलंब ते खामगाव ही शाखा या मापात उतरवायची तर तिची लांबी सुमारे १७० मीटर होईल. ती एखाद्या गल्लीतही मावणार नाही. परंतु त्या शाखेवरच्या एका दुपारचे एक काम, म्हणजे आठ वाघिणींतून पाच निवडून योग्य क्रमाने लावणे, हे चार फुटांत मावते. ॲलन राइट या इंग्रजाने नेमका हाच खेळ ‘इंगलनूक’ या नावाने रचला आणि जगभरच्या लहान घरांत तो पोहोचला.

खेळाची मांडणी अशी. दोन सांध्यांनी तीन बाजूमार्ग फुटतात. एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. सांध्यांच्या दुसऱ्या बाजूला जो मोकळा रूळ असतो, त्यावर इंजिन आणि फक्त तीन वाघिणी उभ्या राहू शकतात. आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्या करून पाच उचलायच्या. ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने लांब मार्गावर गाडी तयार करायची. हाताने वाघीण उचलायची नाही. इंजिनानेच ओढायचे, ढकलायचे, सांधा बदलायचा. आठातून पाच क्रमाने निवडण्याच्या रीती ६,७२० होतात. रोज एक गाडी लावली तरी अठरा वर्षे पुरतील. एकोणऐंशीव्या वर्षी हा हिशेब थोरल्यांनी वहीच्या मागच्या पानावर केला आणि खाली रेघ मारली.

काम ठरले, गाव कोणते, हे ठरायचे होते. घरातील सर्वांचे मत एकच पडले: आजोबांनी खामगावच करावे. थोरल्यांनाही तेच हवे होते, आणि रुळांचे माप पाहताना तर मोह अधिकच वाढला. या इंग्रजी मापात एक फूट म्हणजे चार मिलिमीटर धरतात. इंग्लंडच्या दोन रुळांतील अंतर चार फूट साडेआठ इंच; चारच्या हिशेबाने ते १८.८३ मिलिमीटर व्हायला हवे. प्रत्यक्षात बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. कारण जुने आहे. इंग्लंडचे बोगदे आणि पूल अरुंद, म्हणून तिकडची इंजिनेही अंगाने लहान. युरोपच्या साडेतीन मिलिमीटरच्या हिशेबाने ती बनवली असती तर त्या काळच्या मोटारी आत मावल्या नसत्या. तेव्हा रूळ युरोपचे ठेवून इंजिन तेवढे चारच्या मापाने फुगवले गेले. पुढे सगळा बाजारच त्या मापावर बसला आणि तोच फरक शतकभर चालत आला. आता आपली रुंद रेल्वे घ्या. रुळांतील अंतर साडेपाच फूट. एका फुटाला तीन मिलिमीटर धरले की साडेपाच फुटांचे होतात बरोबर साडेसोळा मिलिमीटर. कण कमी नाही, कण जास्त नाही. इंग्लंडसाठी जे रूळ अरुंद पडतात, ते खामगावसाठी तंतोतंत निघाले.

हा शोध लागला त्या रात्री थोरल्यांना झोप आली नाही. सकाळी मात्र त्यांनी खामगावचा विचार सोडला. रूळ तीनच्या मापात बसत होते, पण इंजिन आणि वाघिणी चारच्या मापात बनलेल्या होत्या. खामगावचा मालधक्का तीनच्या हिशेबाने बांधला तर इंजिन त्याच्या छपराला भिडणार; चारच्या हिशेबाने बांधला तर रूळ खोटे पडणार. एका गादीवर दोन तराजू ठेवण्यासारखेच ते झाले असते. घेण्याचे माप निराळे आणि देण्याचे निराळे ठेवणारी पेढी टिकत नाही, हे त्यांनी लहानपणापासून ऐकले होते. रुळांचा फरक त्यांच्या हातचा नव्हता. तो बाजाराचा होता आणि सर्वांना माहीत होता. स्वतः उभारायचे ते सगळे मात्र एका मापात असले पाहिजे. म्हणून चारचे माप कायम झाले आणि इंजिन ज्या मुलखाचे, तोच मुलूख ठरला. लँकेशायरमधील एका सूतगिरणीच्या मागचा मालधक्का, सन सुमारे १९३५. गिरणीला नाव दिले नाही, कारण त्या गावी थोरले कधी गेले नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीला खोटे नाव देऊ नये, एवढाच त्यामागचा विचार होता.

गिरणीची भिंत सव्वा इंच जाडीची आहे. तिच्या मागे गिरणी नाही. चौदा इंचांत तीन मार्ग, एक धक्का आणि गाड्यांचा रस्ता बसवल्यावर इमारतीला तेवढीच जागा उरली. पुठ्ठ्यावर लाल विटांचे कागद चिकटवले, खिडक्यांना काळा पातळ प्लास्टिकचा तुकडा लावला आणि वरच्या बाजूला धुराड्याचा फक्त खालचा भाग दाखवला. पाहणाऱ्याचा डोळा उरलेले धुराडे स्वतःच छतापर्यंत नेतो.

सामान बहुतेक घरचेच लागले. रुळांखालची खडी म्हणून नदीची वाळू दोनदा चाळून घेतली. ती पसरून त्यावर पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडला. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते वाळूवर गोळा न होता आत झिरपते. जमिनीसाठी वाळवलेला चहाचा चोथा. झाडांसाठी पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाटीच्या शेंड्याकडच्या काड्या इतक्या बारीक फाटे फोडतात, की थंडीतील पानगळ झालेले इंग्रजी झाड हुबेहूब उभे राहते. लँकेशायरला कापूस पुरवणाऱ्या मातीने शेवटी तिथली झाडेही पुरवली.

कापसानेच मात्र दगा दिला. वाघिणींत भरायच्या गाठींना थोरल्यांनी खरे तरट गुंडाळून पाहिले, तर त्याची वीण दोरखंडासारखी दिसू लागली. गाठीच्या फाटक्या कोपऱ्यातून खरा कापूस डोकावू दिला, तर तो ढगासारखा फुगला. खरी वस्तू लहान मापात खोटी दिसते. तिचे धागे, तिचे कण लहान होत नाहीत. अखेर थर्माकोलच्या तुकड्यांवर जखमेला बांधण्याची जाळीची पट्टी चहात रंगवून गुंडाळली आणि काळ्या दोऱ्याने पट्टे बांधले. या गाठी पाहून पेढीवर चाळीस वर्षे काम केलेले वृद्ध दिवाणजी म्हणाले, “मालक, पक्की गाठ आहे. वजन करून घ्या.”

उन्हाळ्याचाही विचार करावा लागला. खामगावला पौषात पहाटे अंगावर घोंगडी लागते आणि वैशाखात पारा ४३ अंशांवर जातो. एवढ्या फरकाने मीटरभर रूळ सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. अर्धा मिलिमीटर कोणाच्या खिजगणतीत नसतो, पण रूळ सांध्यात घट्ट बसवले तर तेवढ्यानेच ते वाकून फळीवरून उचलले जातात. प्रत्येक जोडाला पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवली. थोरले म्हणत, खऱ्या रेल्वेचा खडखडाट त्या फटींतूनच येत असे. जवळ राहणाऱ्यांत थोडी फट ठेवल्याशिवाय ऋतू निभत नाहीत. हे वाक्य त्यांनी रुळांबद्दलच उच्चारले होते. ऐकणाऱ्या सूनबाईंची नजर मात्र भिंतीकडे गेली.

भिंतीचा प्रश्न निघाला तो शेवटी. मांडणी पूर्ण झाली, गाडी लागू लागली. परंतु लागलेली गाडी जायची कोठे? मालधक्का हा काही शेवटचा मुक्काम नव्हे. इंग्रजी मांडणीत अशा वेळी फळीच्या एका टोकाला पूल किंवा इमारत उभी करतात आणि तिच्या आड, पाहणाऱ्याला दिसणार नाही अशी, गाडीपुरती जागा ठेवतात. पुलाखालून गाडी गेली की ती जगात गेली, असे समजायचे. पाच वाघिणी आणि इंजिन मिळून ५३ सेंटिमीटर होतात. म्हणजे आणखी दोन फूट हवे होते. एका बाजूला तिजोरी. ती हलणारी नव्हती. दुसऱ्या बाजूला वाटणीची भिंत.

धाकट्यांचा नातू बारा वर्षांचा. तो मागच्या परसातून रोज संध्याकाळी रेल्वे पाहायला येत असे; मुलांच्या येण्याजाण्याला वाटणीपत्रात बंदी नव्हती. त्यानेच एक दिवस सहज विचारले, “मोठे आजोबा, भिंतीतून नेली तर? पलीकडे आमची चपलांची मांडणीच तर आहे.” थोरल्यांनी त्याला लाडू दिला आणि विषय बदलला. सामाईक भिंतीला हात लावायचा तर दोघांची संमती हवी, असे कागदात लिहिलेले होते. ती संमती मागायची म्हणजे तीस वर्षांत प्रथमच काहीतरी मागायचे. मागणारा थोरला, देणारा धाकटा. आणि मागणे कशासाठी, तर खेळण्यासाठी. याहून मोठ्या कारणासाठी, मुलीच्या लग्नाच्या वेळी, थोरल्यांनी मागितले नव्हते.

मुलाने निरोप आपल्या पद्धतीने घरी पोहोचवला. चार दिवस काहीच झाले नाही. पाचव्या दिवशी दुपारी धाकटे आले. पुढच्या दाराने आले, हातात सुताराची पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन. पंचाहत्तरीचे, गुडघ्यांनी कुरकुरणारे; बसा म्हटल्यावरही बसले नाहीत. भिंतीजवळ गेले, रुळांची उंची मोजली, पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, “एक वीट. त्याहून जास्त नाही.” एका विटेची जागा नऊ इंच रुंद आणि तीन इंच उंच असते. इंजिनाला तेवढी पुरून उरणार होती. “एकच पुरे,” थोरले म्हणाले.

धाकटे परत फिरले, पण फळीपाशी थांबले. थोरल्यांनी सकाळपासून एक गाडी लावायला घेतली होती आणि ती अडकली होती. तीन वाघिणी मोकळ्या रुळावर, हवी असलेली चौथी सर्वांत मागे. थोरल्यांनी आयुष्यभर गादी सांभाळली. भाव, हुंडी, खतावणी ही त्यांची बाजू. मालधक्का पाहत असत ते धाकटे. वाघिणीची मागणी नोंदवणे, ती मिळेपर्यंत स्टेशनवर बसणे, हमालांकडून वेळेत भरून घेणे, बिल्टी हातात पडेपर्यंत न हलणे, डेमरेज लागू न देणे, हे सारे त्यांनी विशीपासून केले होते. खामगावच्या यार्डात शंटिंग कसे चालते, हे त्यांनी तासन् तास पाहिले होते, कारण त्यांना पाहण्यावाचून दुसरे काम नसे. त्यांनी क्षणभर मांडणी न्याहाळली.

“दादा, तुम्ही हवी ती वाघीण आधी काढता,” ते म्हणाले. “नको असलेल्या आधी ठेवायला जागा करा. हवी ती आपोआप पुढे येते.”

“मग तूच लाव,” थोरले म्हणाले आणि डबी त्यांच्या हातात दिली.

इंजिन हलले. दोन वाघिणी छोट्या मार्गावर, एक लांब मार्गावर, सांधा बदल, मागे, पुन्हा पुढे. अकरा हालचालींत गाडी लागली. धाकट्यांनी डबी खाली ठेवली आणि काही न बोलता घरी गेले. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. तो त्यांनीच पाठवला होता.

आता भिंतीत एका विटेचे छिद्र आहे. अलीकडून त्यावर दगडी पुलाची पुठ्ठ्याची कमान बसवली आहे. पलीकडे चपलांच्या मांडणीच्या वर दोन फुटांची फळी आहे. थोरले त्या फळीला लिव्हरपूल म्हणतात. धाकटे तिला जलंब म्हणतात. दोघांनी एकमेकांचे नाव मान्य केलेले नाही आणि गाडीला त्याने काही फरक पडत नाही. रविवारी सकाळी नात चिठ्ठ्या उचलते, तिचा क्रम पलीकडे ओरडून सांगितला जातो आणि अलीकडे लागलेली गाडी पुलाखालून जाते. पलीकडे नातू वाघिणी हाताने उलटसुलट करून परत पाठवतो, म्हणजे पुढच्या रविवारला नवा गुंता तयार.

भिंत उघडल्यावर एक अडचण आली, ती सांगण्यासारखी आहे. इंजिन आणि तीन वाघिणी एवढाच मोकळा रूळ असल्यामुळे हा खेळ खेळ राहतो. आता तोच रूळ भिंतीपलीकडे दोन फूट वाढला होता. वाटेल तेवढ्या वाघिणी पलीकडे ढकलून कोणतीही गाडी दोन मिनिटांत लावता आली असती. नातीने तसे करून दाखवलेही. तेव्हा दोघा भावांनी मिळून पुलाच्या अलीकडे रुळाशेजारी काडेपेटीच्या काडीची एक पांढरी पाटी रोवली. शंटिंग चालू असताना इंजिनाने तिच्यापुढे जायचे नाही. गाडी पूर्ण लागली की मगच जायचे. जागा नव्हती तेव्हा मर्यादा भिंतीने घातली होती. जागा मिळाल्यावर ती दोघांनी आपणहून घालून घेतली, आणि पहिल्यांदाच त्या घरातील एखादी सीमा दोघांनी एकत्र बसून आखली.

वाटणीचे कागद आहेत तसेच आहेत. शेताच्या बांधाचा जुना वादही मिटलेला नाही. त्यावर दोघे बोलत नाहीत. लहान जागेत रेल्वे उभारणाऱ्याला हे लवकर कळते, की सगळे एकदम मावणार नाही. काय सोडायचे ते ठरवावे लागते आणि जे ठेवले ते खऱ्या मापाने करावे लागते. या घराने तूर्त एक वीट आणि रविवारचा एक तास ठेवला आहे. रात्री पाली येऊ नयेत म्हणून त्या छिद्राला दोन्ही बाजूंनी लाकडी झडप लावली आहे. धाकटे पलीकडची झडप लावण्याआधी वाकून पाहतात, इंजिन रुळावर नीट उभे आहे ना. आणि अलीकडचा दिवा मालवला गेला, की मग कडी घालतात.